लेकीसाठी राखून ठेवलेलं रक्त

"तू नेमकं काय करतेस?" हा प्रश्न मला बेळगावच्या वडगावात जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा कुठल्या मुलाखतीतही विचारला गेला नसेल. आमच्या गल्लीत घरोघरी माग आहेत. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगायचं तर वाक्य लहान हवं. "बीपीवर अभ्यास करते" हे लहान वाक्य होतं आणि गल्लीचं त्यावर भागायचं. आईचं कधी भागलं नाही. आप्पांना तर मागापायी एका कानानं ऐकूच येत नाही, आणि दुसऱ्या कानानं त्यांना हवं तेवढंच येतं.

एका रविवारी मी अनगोळच्या माझ्या खोलीवरून घरी आले तेव्हा वीज गेलेली होती. आप्पा जेकार्डचे पुठ्ठे मांडून बसले होते. साडीच्या काठावर मोर उमटतो तो या पुठ्ठ्यांवरच्या भोकांमुळे. जिथं भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. एका पुठ्ठ्यावर नको तिथं भोक पडलं होतं. आप्पांनी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

"आप्पा, मी ह्याच तुकड्यांचा अभ्यास करते," मी म्हणाले.

वीज नव्हती म्हणून प्रथमच ते सगळं ऐकून घ्यायला मोकळे होते. मी सांगितलं, की पेशीत मूळ नक्षी असते, तिच्यावरून कामापुरती प्रत निघते, त्या प्रतीला आरएनए म्हणतात, आणि तिच्या हुकमानं शरीरातली प्रथिनं बनतात. पण काही आरएनए अगदी चिमुकले असतात. त्यांच्यापासून स्वतःचं असं काहीच बनत नाही. ते मोठ्या प्रतीवर नेमक्या जागी जाऊन चिकटतात आणि तिचं काम बंद पाडतात. रक्तवाहिनीनं किती आवळून घ्यायचं, मूत्रपिंडानं मीठ किती धरून ठेवायचं, अशा कामांच्या प्रतींवरसुद्धा हे चिकटतात. ज्यांचा रक्तदाब चढलेला असतो त्यांच्या रक्तात यातले काही तुकडे जास्त सापडतात, काही कमी. कुठले आणि का, ते मला बघायचं होतं.

"म्हंजे कागद कुणी चिकटवला ते तुमास्नी गावंना झालंय," आप्पा म्हणाले.

"व्हय."

"आनि तेच्यासाठी सरकार तुला पगार देतंय."

आई पलीकडे नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, जोडत बसली होती. मागावरचा बीम संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडावा लागतो. चिमटीत राख घ्यायची, दोन टोकं एकत्र धरायची आणि पीळ द्यायचा. हजारो धागे, आणि एकही चुकवायचा नाही. हे काम आई आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या मागांवर करते. त्यामुळे तिला प्रत्येक घरात शिरायची मुभा आहे, आणि तिचं बोलणं प्रत्येक घरात चालतं. मान वर न करता तिनं विचारलं, "मग अडलंय कुठं?"

मी वैतागलेलीच होते. म्हणाले, "रक्त मिळत नाही. बीपीवाले पायजेत तेवढे हायत, पण सगळे गोळ्या खाणारे. गोळीनं ते तुकडे बदलतात. मला गोळी सुरू न केलेली माणसं पायजेत, आणि अशी माणसं कुठं भेटतात?"

त्या वेळी मी दर आठवड्याला निपाणीला जात होते. तिथल्या एका दवाखान्यात तपासणीला विडी वळणाऱ्या बायका यायच्या. रक्तदाब पहिल्यांदाच सापडलेली एखादी बाई असली, तिनं सगळं समजून घेऊन संमती दिली, तर तिथली परिचारिका थोडं रक्त काढायची. त्याच दिवशी, त्याच खुर्चीत, तिची गोळी सुरू व्हायची. आमच्यासाठी कुणाची गोळी एक दिवसही लांबवायची नाही, हा नियम होता आणि तो मला मान्य होता. रक्त बर्फात ठेवून मी बसनं बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत यायचे. संकेश्वरच्या आसपास बस दणके खायची आणि माझा जीव डब्यात अडकायचा. नळीत तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातले तुकडे बाहेर सांडतात, आणि मग मोजायचं ते कशाचं काहीच कळत नाही. असे कितीतरी नमुने मी ओतून टाकले. उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी आरएनए विरून जातो. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या, हा विषय सोडून दुसरा घेतलास तरी मी रागावणार नाही. मी म्हणायचे, घेणार नाही. कोष्ट्याच्या घरची आहे, तुटलं म्हणून माग सोडून उठायची सवय नाही.

हे सगळं मी आईला सांगायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. त्या रविवारी वीज आली, माग सुरू झाले, आणि बोलणं तिथंच थांबलं.

पावसाळा सरला. एका शनिवारी आईचा फोन आला. "उद्या सकाळी लवकर ये. येताना तुझा तो बर्फाचा डबा घिऊन ये."

मला वाटलं, श्रीखंड केलंय. आई माझ्यासाठी श्रीखंड करते आणि ते उन्हात नासेल म्हणून काळजी करते. मी घरचा थर्माकोलचा डबा स्कूटरच्या पुढ्यात ठेवून वडगावला गेले.

आमच्या कट्ट्यावर बायका रांगेनं बसल्या होत्या. न्हाऊन, तेल लावून, वेण्या घालून, जशा हळदीकुंकवाला बसतात तशा. फक्त प्रत्येकीनं डाव्या हाताची बाही वर सरकवली होती. पहिल्या जागेवर आई.

"चा बी घेतला न्हाय कुणी," ती म्हणाली. "उपाशी पायजे असतंय न्हवं?" मग तिनं माझ्या हातातला डबा घेऊन झाकण काढलं. "नळ्या कुठं हायत?"

मला क्षणभर काहीच कळेना. मग कळलं.

मी आत जाऊन आप्पांचं रक्तदाबाचं यंत्र आणलं. मीच त्यांना ते घेऊन दिलं होतं. आईच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझ्या दंडाला बांधून पाहिला. ते ठणठणीत होतं. पुन्हा आईला बांधला. तोच आकडा, थोडा वरच.

"कधीपासून आहे हे?"

"आगोटीला, पाऊस लागताना, डॉक्टरनं सांगितलंय."

"गोळ्या नाही दिल्या?"

"दिल्यात की." ती आत गेली आणि देवाच्या फळीवरून पुडी घेऊन आली. गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या, एकही जागा फुटलेली नव्हती. तिनं त्या मला अशा दाखवल्या, की जणू पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळालेत. "एक बी घेतली न्हाय. तूच म्हणालीस, गोळी न घेतलेलं रक्त पायजे म्हणून. एकदा रंगात बुडवलेलं सूत परत कोरं होतंय काय? म्हणून म्या कोरं ठेवलंय."

आणि एवढ्यावर ती थांबली नव्हती. बीम जोडायला ज्या ज्या घरी गेली तिथं तिथं विचारत गेली होती. ज्या बायकांना नुकतंच बीपी निघालं होतं त्यांना तिनं सांगितलं होतं, थांबा, माझी लेक नवं औषध काढणार हाय, तिला रक्त देऊया, मग सुरू करा. कुणीच नाही म्हणालं नव्हतं. आईनं ज्यांच्या मागावरचे धागे जोडले, त्यांनी आईच्या शब्दावर गोळ्या बाजूला ठेवल्या.

मी ओरडले. गल्लीला ओरडणं नवं नाही, पण माग बंद असताना ओरडलेलं सगळ्यांना ऐकू जातं. "अगं, अक्कल आहे का काही? डोक्यातली शीर फुटली असती म्हणजे?"

"फुटली न्हाय न्हवं."

तेवढ्यात दारात उभे असलेले आप्पा म्हणाले, "परवा बीम जोडताना धागे सोडून गेली ती. म्याच परत जोडून घेतलं." आईनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. ते थांबले नाहीत. "एकाचं दोन दिसालंय म्हणती."

माझ्या आईनं धागा सोडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी ज्या आजाराचा अभ्यास करत होते तो काय काय करतो याची यादी मला पाठ होती, आणि ती यादी माझ्यासमोर कट्ट्यावर बाही सरकवून बसली होती. मला भीती वाटली.

"ऊठ," मी म्हणाले. "दवाखान्यात चल. आत्ता."

"आधी रक्त घे."

"आई, ऊठ."

"रक्त घे, मग घेतो गोळी. तुझ्यासमोर घेतो." आमच्याकडच्या बायका बोलताना 'घेतो, जातो' म्हणतात, माझ्या तोंडूनही प्रयोगशाळेत अधूनमधून निसटतं आणि पुण्याच्या पोरी हसतात. "इतकं दिवस ठेवलंय ते काय फुकट घालवायचं?"

खोटं बोलणं सोपं होतं. शेजारच्या गल्लीतल्या तपासणीवाल्याला बोलवायचं, नळीभर रक्त घ्यायचं, डब्यात ठेवायचं, तिच्यासमोर "झालं गं, लई उपयोग झाला" म्हणायचं आणि अनगोळला जाऊन ओतून द्यायचं. तिनं आनंदानं गोळी गिळली असती. त्याहून वाईट विचारही आला, तोही सांगते. रक्तदाब इतका चढलेला आणि एकही गोळी न घेतलेली बाई मला निपाणीत अजून मिळाली नव्हती. हे रक्त खरोखर मौल्यवान होतं. पण खोटं बोलले असते तर उद्या ही बाई माझ्यासाठी आणखी काय राखून ठेवील याचा नेम नव्हता. आणि कट्ट्यावरच्या बाकीच्या बायका बघत होत्या. आज हिचं रक्त घेतलं, तर गोळ्या थांबवल्या ते बरोबरच केलं, असंच गल्लीत झालं असतं.

म्हणून मी खरं सांगितलं. "आई, तुझं रक्त मला चालत नाही. तू माझी आई आहेस, म्हणून चालत नाही. असं घरात बसून कुणाचंच चालत नाही. आणि आम्ही कुणाची गोळी कधीच थांबवत नाही."

आईनं बाही खाली ओढली आणि नीट केली. मग एकेक बाई उठली. शेजारची आक्का, जी आईची बालपणापासूनची मैत्रीण आणि जिभेनं तिखट, ती पदर झटकत म्हणाली, "सकाळपास्नं उपाशी बसवलीस की गं. चालतंय का न्हाय ते आधी तरी इचारायचं." आईची मान खाली गेली. सगळ्या गल्लीत जिचा शब्द चालतो त्या बाईला मी तिच्याच कट्ट्यावर खोटं पाडलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण माघार घ्यायची नाही हे ठरलेलं होतं. मी बायकांना सांगितलं, आजच गोळ्या सुरू करा, ज्यांच्याकडं नाहीत त्यांनी माझ्याबरोबर चला. त्या "बघूया" म्हणत गेल्या. बघूया म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आईला मी स्कूटरवर बसवलं. शहापूरच्या रस्त्यानं दवाखान्यात जाईपर्यंत तिनं माझा खांदासुद्धा धरला नाही, मागच्या कडीला धरून बसली.

डॉक्टर वयस्क होते, आईला ओळखत होते. त्यांनी आधी गोळी दिली, मग तपासलं, डोळ्यांच्या आत बत्ती मारून पाहिलं, लघवी तपासायला पाठवली, आणि मूत्रपिंडाचं काम पाहण्यासाठी रक्त काढायला सांगितलं. आईनं गोळी मुठीत धरून ठेवली. तपासणीवाल्या मुलीनं सुई टोचली आणि नळी भरली. त्या नळीकडे बघत आई डॉक्टरांना म्हणाली, "तुमी घेतलंसाच आता, तर त्यातलं थोडं हिला द्या की. अजून गोळी पोटात गेली न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि जास्त करून रडूच आलं. "आई," मी म्हणाले, "मला तू पायजेस गं. रक्त कुणाचं बी मिळंल मला. तू कुठनं मिळणार?"

आईनं मूठ उघडली, गोळी तोंडात टाकली आणि तांब्याभर पाणी प्याली.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती. मूत्रपिंडाला मार बसायला सुरुवात झाली होती. डोळ्यांच्या पडद्यावरही खुणा होत्या. रोज गोळी घेतली, मीठ कमी केलं, तपासण्या चुकवल्या नाहीत, तर इथं थांबवता येईल, ते म्हणाले. झालेलं सगळं परत येईल असं मात्र ते म्हणाले नाहीत. आई ऐकत होती. घरी जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वाटेत उसाच्या रसाच्या गाड्यापाशी सावलीला थांबलो. तिथं तिनं विचारलं, "तुझं औषध कवा येणार मग?"

"माहीत नाही. माझ्या हातून येईलच असं नाही. ते तुकडे वाढतात म्हणून बीपी चढतं, का बीपी चढतं म्हणून ते वाढतात, एवढंसुद्धा अजून नक्की कळलेलं नाही."

"आनि हे तू इतकी वर्सं करालीस?"

"व्हय. अजून करणार आहे."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "हट्टी हाईस. माझ्यावर गेलीस." मग म्हणाली, "त्या बायका घेणार न्हाईत गोळ्या. उद्या घेऊ, परवा घेऊ म्हणतील."

"मी जाते घरोघरी. मी समजावते."

"तू न्हाय. तू गेलीस तर मान डोलावतील आनि चा पाजून लावून देतील. म्या थांबवलंय, म्याच सांगायला पायजे."

मला माहीत होतं हे तिला किती जड आहे. बीम जोडणारी बाई चुकली, हे घरोघरी जाऊन तिनं स्वतःच सांगायचं. मी म्हणाले, आज राहू दे, आज विश्रांती घे. तिनं ऐकलं नाही. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दुपारी पडून राहिली, आणि ऊन उतरल्यावर चपला घालून निघाली. मी मागोमाग गेले. तिनं हाकललं नाही.

प्रत्येक घरात तिनं तेच केलं. मागाजवळ गेली, हात वर करून माग बंद करायला लावला, आणि आवाज थांबल्यावर बोलली. "म्या सांगितलेलं चुकीचं हुतं. माझं मूत्रपिंड बिघडायला लागलंय. गोळी काढ." मग त्या बाईनं गोळी आणून गिळेपर्यंत तिथंच उभी राहिली. कुठंही बसली नाही, चहा घेतला नाही. जिच्या घरी गोळ्या नव्हत्या तिच्या मुलाला तिनं तिथल्या तिथं औषधाच्या दुकानात पिटाळलं. मूत्रपिंड हा शब्द तिनं डॉक्टरांकडून सकाळीच उचलला होता, आणि तो ती नीट, सावकाश उच्चारत होती.

शेवटचं घर आक्काचं होतं. आक्का सकाळचं विसरली नव्हती. तिनं माग बंद केला, कमरेवर हात ठेवले, आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "चार म्हयनं गल्लीभर सांगत हिंडलीस. माझी लेक औषध काढणार, असल्या गोळ्या जन्मभर खायला नको. मग आता त्या औषधाचं काय झालं?"

मी बोलायला तोंड उघडलं. आईनं माझा दंड धरला आणि मला मागं सारलं.

"ते यायचं तवा येईल," ती म्हणाली. "तवर आपन असायला पायजे की गं. जा, पानी आन."

आक्कानं कमरेवरचे हात खाली घेतले. मग आत गेली आणि गोळी नि पाण्याचा तांब्या घेऊन आली.